गिटारची चिकटणारी मान हाताला मोकळी कशी करावी

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत किंवा कोकणपट्टीत हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. अशा दिवसांत चकचकीत पॉलिशची गिटार हातात घेतली, की पहिल्या पाच मिनिटांतच एक अडचण जाणवू लागते. डावा अंगठा मानेच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याच्या, मागच्या बाजूने सहज सरकत नाही, तो जागोजागी धरला जातो, आणि पहिल्या फ्रेटवरून (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सातव्या फ्रेटवर जाताना हात एक क्षण मागे राहतो. नव्याने शिकणाऱ्याला वाटते की आपलाच सराव कमी पडतो आहे. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा वादकाच्या हातात नसून मानेवरच्या त्या आरशासारख्या थरात असतो. तो दोष घरच्या घरी, फार थोड्या खर्चात दूर करता येतो. मात्र हे काम उलटवता येणे अवघड असते, त्यामुळे ते समजून घेऊनच हाती घ्यावे.

प्रथम चिकटण्याचे कारण पाहू. ओल्या काचेवर दुसरी काच ठेवली तर ती उचलून काढणे कठीण जाते, कारण दोन सपाट पृष्ठभागांमध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो आणि हवेला आत शिरायला वाट उरत नाही. घामेजलेली त्वचा आणि चकचकीत लॅकर, म्हणजे लाकडावरचा पॉलिशचा कडक थर, यांच्यात असेच घडते. त्याच लॅकरवर अतिशय बारीक, एका दिशेने जाणाऱ्या, सारख्या खोलीच्या रेषा ओढल्या, तर त्वचा फक्त त्या रेषांच्या कडांवर टेकते, मधल्या खाचांतून हवा आणि ओल निघून जाते, आणि हात सरकू लागतो. म्हणजेच आपल्याला मान अधिक गुळगुळीत करायची नसून तिला नियंत्रित खरखर द्यायची आहे. थर काढून टाकायचा नाही, त्याच्या फक्त वरच्या काही मायक्रॉनना (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हात लावायचा आहे. एवढे एक ध्यानात राहिले तर या कामातल्या बहुतेक चुका आपोआप टळतात.

मळ की पॉलिश, हे आधी ठरवा

घासायला घेण्यापूर्वी मान नीट पुसून एक दिवस वाजवून पाहावी. वर्षानुवर्षांचा घाम, त्वचेचे तेल आणि धूळ यांचा पारदर्शक लेप मानेवर बसतो आणि तो अगदी पॉलिशसारखाच दिसतो. आधी जेमतेम ओलसर केलेल्या सुती कापडाने आणि लगेच कोरड्या कापडाने पुसावे. त्याने भागले नाही, तर लायटरमध्ये भरतात ते द्रव कापडावर दोन-चार थेंब घेऊन मान पुसावी. हे द्रव म्हणजे नॅफ्था असते. ते तेलकट मळ उचलते, पण कोरड्या झालेल्या नेहमीच्या लॅकरना विरघळवत नाही. खोलीच्या खिडक्या उघड्या असाव्यात आणि आसपास देवघरातली समई किंवा गॅसची शेगडी पेटलेली नसावी, कारण नॅफ्थाची वाफ चटकन पेट घेते. वाहनातले पेट्रोल यासाठी वापरू नये. फर्निचर चमकवण्याचे सिलिकॉनयुक्त स्प्रेही टाळावेत, कारण त्यांचा अंश मागे राहतो आणि पुढे कधी नवे लॅकर मारायचे झाले तर त्यात माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे उठतात. माझ्याकडे दुरुस्तीसाठी आलेल्या कितीतरी गिटारींचे काम या पहिल्या पायरीवरच संपले आहे.

थर कोणता आहे, ते ओळखा

मानेवर कोणते लॅकर आहे यावर पुढचे सगळे अवलंबून असते. आज बाजारात मिळणाऱ्या बहुसंख्य गिटारींवर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा थर असतो. तो कडक, तुलनेने जाड आणि बहुतेक द्रावकांना दाद न देणारा असतो. घरच्या कामासाठी हाच सर्वांत सोयीचा. गिब्सन कंपनीच्या अमेरिकेत बनणाऱ्या गिटारींवर आणि अनेक महागड्या अकूस्टिक वाद्यांवर नायट्रोसेल्युलोजचे लॅकर असते, ज्याला आपल्याकडे रंगाच्या दुकानात ‘एनसी’ म्हणतात. हा थर पातळ आणि नाजूक असतो, आणि उष्णता, घाम, रबर या सगळ्यांचा त्याच्यावर परिणाम होतो. हाताने बनवलेल्या काही क्लासिकल गिटारींवर लाखेचे, म्हणजे चपड्याचे फ्रेंच पॉलिश असते. काही मानांवर मुळात थरच नसतो, लाकडात केवळ तेल मुरवलेले असते. अशी मान सहसा चिकटत नाही.

ओळखण्यासाठी चाचणी करायची ती नजरेआड असलेल्या जागीच. मान स्क्रूने बसवलेली असेल तर तिचा शरीरात जाणारा तळ, अकूस्टिक गिटार असेल तर पट्ट्याच्या बटणाखालची जागा, आणि इलेक्ट्रिक असेल तर मागच्या झाकणाखालची कड यासाठी योग्य असते. कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन तो ठिपका अर्धा मिनिट ओला ठेवावा. जागा चिकट झाली तर ते चपड्याचे पॉलिश आहे. काही झाले नाही, तर दुसऱ्या काडीवर एनसी थिनरचा एक थेंब घ्यावा. थर मऊ पडला तर तो नायट्रो किंवा त्याच्या जवळचा ॲक्रिलिक लॅकर समजावा, आणि तसाच कडक राहिला तर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन. थिनरची बाटली वाद्याजवळ उघडी ठेवू नये. एक ओघळ पुढच्या बाजूवर गेला तर त्याचा डाग कायमचा राहतो.

चपड्याचे पॉलिश निघाले तर येथेच थांबावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तो थर इतका पातळ असतो की चार फटक्यांत लाकूड उघडे पडते, आणि तो नव्याने चढवणे हे वेगळेच कौशल्य आहे. हाच नियम मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांनाही लागू आहे, कारण त्यांच्यावरही परंपरेने स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचेच पॉलिश असते. सतारीच्या दांडीवर अंगठा अडत असेल तर ती कोरड्या मऊ कापडाने पुसावी आणि तेवढ्याने भागले नाही तर कारागिराकडे न्यावी. हाताला सॅनिटायझर लावून तो पूर्ण वाळण्याआधी अशा वाद्याला मुळीच हात लावू नये, कारण त्यातल्या अल्कोहोलने लाख मऊ पडते आणि बोटांचे ठसे उमटतात.

नायट्रोच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी. काही वादकांच्या घामाने हे लॅकर कालांतराने मऊ, गोंदासारखे होते. नखाने हलकेच दाबल्यावर खूण उमटली, तर त्या थरावर घासकाम करून उपयोग नाही. घासताना तो कागदाला चिकटून गुठळ्या होतील. असा थर काढून नवा द्यावा लागतो, आणि ते काम जाणकाराकडेच सोपवावे.

घासायला काय घ्यावे

माझी पहिली पसंती राखाडी रंगाच्या ‘अल्ट्रा फाइन’ स्कॉच-ब्राइट पॅडला आहे. मोटारींच्या रंगाचे सामान विकणाऱ्या दुकानात तो मिळतो. तो वक्र पृष्ठभागावर आपोआप बसतो, त्याचा चुरा चुंबकाला चिकटत नाही आणि तो एकसारखी खरखर देतो. तांबूस रंगाचा पॅड याहून भरड असतो, तो येथे नको. स्वयंपाकघरातला हिरवा स्क्रबर तर अजिबात वापरू नये, कारण त्याच्या खोल आणि वेड्यावाकड्या चऱ्या नंतर काढता काढता थरच संपतो.

दुसरा पर्याय पाण्यात चालणाऱ्या काळ्या पॉलिश पेपरचा आहे, ज्याला दुकानदार वॉटर पेपर म्हणतात. त्यावरच्या आकड्याआधी ‘पी’ (युरोपीय मोजमापाची खूण) आहे की नाही हे पाहून घ्यावे. पी १००० च्या कागदावरचे कण सरासरी १८ मायक्रॉनचे, तर पी २००० चे सुमारे १० मायक्रॉनचे असतात. अमेरिकी मोजमापातला, ‘पी’ नसलेला ६०० नंबरचा कागद जवळजवळ पी १२०० इतका बारीक असतो, त्यामुळे केवळ आकडा पाहून तुलना केली तर फसगत होते. मानेसाठी पी १००० ने सुरुवात करून पी १५०० वर थांबणे मला योग्य वाटते. पी २००० च्या पुढे गेल्यास पृष्ठभाग पुन्हा चमकू लागतो आणि आपण जिथून निघालो तिथेच परततो.

तिसरा पर्याय चार शून्यांच्या, म्हणजे सर्वांत बारीक प्रतीच्या स्टील वूलचा. त्याने येणारा स्पर्श फार सुंदर असतो हे मान्य करावे लागेल, पण त्याचे सूक्ष्म लोखंडी तुकडे पिकअपच्या (इलेक्ट्रिक गिटारवर तारांची कंपने टिपणाऱ्या भागाच्या) चुंबकाकडे ओढले जातात आणि तिथून निघता निघत नाहीत. शिवाय दमट हवेत ते गंजतात. इलेक्ट्रिक गिटारवर ते वापरायचेच असेल, तर मान काढून वेगळ्या खोलीत काम करावे किंवा पिकअप टेपने पूर्ण झाकावेत.

तयारी

तारा सैल करून काढाव्यात. स्क्रूने बसवलेली मान असेल तर चारही स्क्रू काढून ती मोकळी केल्यास काम फार सोपे होते. मानेच्या खाचेत पातळ पट्टी ठेवलेली दिसली तर ती कोणत्या बाजूला होती याची खूण करून ठेवावी, कारण तारांची उंची तिच्यावर अवलंबून असते. मान काढता येत नसेल तर गिटार जाड टॉवेलवर पालथी ठेवून मानेखाली घडी केलेल्या कापडाचा आधार द्यावा.

आता मास्किंग टेप. फिंगरबोर्डच्या, म्हणजे मानेच्या पुढच्या, बोटे टेकवायच्या पट्टीच्या, दोन्ही कडांवर पूर्ण लांबीभर टेप लावावी. हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या टोकाच्या) मागे जिथे मान रुंदावू लागते तिथे एक पट्टी, आणि तळाकडे जिथे मान शरीराला मिळते तिथे दुसरी पट्टी लावावी. या दोन पट्ट्यांमध्ये आपले कामाचे क्षेत्र. हेडस्टॉकवरच्या नावाला किंवा नंबराला कोणत्याही परिस्थितीत घासू नये. नायट्रोवर टेप तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये आणि काढताना ती जमिनीला समांतर अशी, स्वतःवरच दुमडत हळूहळू ओढावी. सरळ वर ओढली तर लॅकरचा पोपडा तिच्याबरोबर निघू शकतो.

वॉटर पेपर वापरणार असाल तर पाण्याबाबत काळजी हवी. उघड्या लाकडात पाणी शिरले की ते फुगते, आणि खुंट्यांची भोके, स्क्रूची भोके, फ्रेटच्या खाचा या सगळ्या उघड्या लाकडाच्या जागा आहेत. कागद पाण्यात बुडवून झटकून घ्यावा, पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा, आणि मान ओली राहू देऊ नये. पॅडने कोरडे घासणार असाल तर नाकातोंडावर मास्क लावावा. पॉलिएस्टरची धूळ फुप्फुसात जाण्याजोगी बारीक असते.

खोक

मान मोकळी करण्यापूर्वी तिच्यावरचे खोक भरून घेतलेले बरे, कारण चमक उतरल्यावर अंगठ्याला ते आणखी जाणवतात. पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनच्या थरातला खोक फेव्हिक्विकसारख्या सायनोॲक्रिलेट गोंदाने उत्तम भरतो. टूथपिकच्या टोकाने एक छोटा थेंब सोडावा, तो पूर्ण वाळू द्यावा, गरज पडल्यास दुसरा सोडावा, आणि थेंब आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित वर राहील असे पाहावे. रात्रभर वाळल्यानंतर तो सपाट करायचा. यासाठी दाढीच्या एका पात्याच्या दोन्ही टोकांना सेलो टेपची पट्टी गुंडाळून मधली जेमतेम अर्धा सेंटिमीटर धार उघडी ठेवावी. पाते उभे धरून थेंबावरून अलगद ओढले, की टेप दोन्ही बाजूंच्या थरावर टेकते आणि धार फक्त उंचवटा खरवडते. टेपच्या जाडीइतका उरलेला फुगवटा पी १००० च्या कागदाने जातो. मेपल लाकडाच्या फिकट मानेवर भरलेला खोक थोडा गडद दिसू शकतो, परंतु तो हाताला लागत नाही, आणि मागच्या बाजूला मला तेवढे पुरेसे वाटते.

प्रत्यक्ष काम

सुरुवात मानेच्या तळाजवळच्या छोट्या पट्ट्यावर करावी, कारण तिथे अंगठा क्वचित जातो आणि परिणाम आवडला नाही तर नुकसान कमी असते. पॅड तळहाताएवढा कापून घ्यावा, मान त्याच्या कुशीत धरावी, आणि एका टेपपासून दुसऱ्या टेपपर्यंत लांबच लांब, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच हात न्यावा. गोल फिरवू नये आणि आडवे तर मुळीच घासू नये, कारण आडवी चरी उजेडात लगेच दिसते आणि सरकणाऱ्या अंगठ्यालाही तिची जाणीव होते. दाब अगदी हलका, दाराच्या कडीवरची धूळ पुसताना देतो तितकाच. जोर लावला तर बोटांच्या खालची जागा जास्त घासली जाते आणि मानेवर लांबट पन्हळी तयार होतात. कागद वापरत असाल तर याच कारणासाठी तो बोटांवर न धरता मऊ स्पंजच्या तुकड्यावर गुंडाळावा. लाकडी ठोकळा येथे उपयोगाचा नाही, कारण तो वक्र पृष्ठभागावर फक्त एका रेषेत टेकतो.

दहा-बारा फटक्यांनंतर थांबून मान पुसावी आणि खिडकीजवळ तिरक्या उजेडात पाहावी. सुरुवातीला चमकदार आणि मंद असे डाग मिसळलेले दिसतात. चमकदार डाग म्हणजे खोलगट भाग, जिथे पॅड अजून पोचलेला नाही. ते सगळे घालवण्याचा हट्ट येथे घातक ठरतो. मी सुरुवातीच्या काळात अशाच एका पिवळसर छटेच्या मेपल मानेवर शेवटचे दोन ठिपके घालवायला गेलो आणि तिसऱ्या फ्रेटच्या मागे लॅकर फोडून पांढरे लाकूड उघडे केले. ती गिटार मित्राची होती, आणि तिचा रंग जुळवायला पुढे तीन आठवडे लागले. अनेक गिटारींवर मधासारखी छटा लाकडात नसून लॅकरमध्येच मिसळलेली असते, म्हणून थर पातळ झाला की रंग आधी फिका पडतो. तो बदल दिसताच त्या जागी काम बंद करावे.

पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनमध्ये आणखी एक खूण दिसू शकते. नायट्रोचा नवा थर खालच्या थरात विरघळून एकजीव होतो. या आधुनिक लॅकरचे थर मात्र एकावर एक वेगळेच राहतात. त्यामुळे वरचा थर पार झाला की नकाशावरच्या उंचीच्या रेषेसारखी फिकट वळणदार कड उमटते. ती दिसली म्हणजे अपेक्षेपेक्षा खोल गेलो असे समजावे. हाताला ती जाणवत नाही, पण आणखी घासून ती जात नाही, फक्त जागा बदलते.

पॅडने काम करत असाल तर साधारण पंधरा मिनिटांत, आणि कागदाने पी १००० नंतर पी १५०० असे गेल्यास अर्ध्या तासात मान मंद, रेशमी दिसू लागते. आता डोळे मिटून हात फिरवावा. या कामात शेवटचा निर्णय डोळ्यांनी घ्यायचा नसून अंगठ्याने घ्यायचा असतो. थोडी चमक उरली असली तरी हात मोकळा सरकत असेल तर काम झाले.

दोन्ही टोकांच्या टेप काढल्यावर चमकदार आणि मंद भागांत ठळक सीमा दिसते. काहींना ती नीटनेटकी वाटते. ती नको असेल तर नव्याकोऱ्या पॅडऐवजी वापरून झिजलेल्या तुकड्याने, जवळजवळ दाब न देता, सीमेपलीकडे दोन सेंटिमीटरपर्यंत चार-पाच फटके मारून तिला विरवून टाकावे.

लाकूड उघडे पडल्यास

उघडे लाकूड तसेच ठेवू नये. मेपल घाम आणि दमटपणा पटकन शोषते, राखाडी पडते आणि मान वाकण्याची शक्यता वाढते. ठिपका छोटा असेल तर तेथे सायनोॲक्रिलेटचा पातळ लेप देऊन वर सांगितल्याप्रमाणे सपाट करणे पुरेसे असते. मोठा भाग उघडा पडला असेल तर सगळी मान लाकडापर्यंत नेऊन टंग तेल किंवा दुकानात तयार मिळणारे उकळलेले (‘बॉइल्ड’) जवस तेल कापडाने अगदी पातळ, अनेक हातांत मुरवावे लागते. व्हायोलिनच्या मानेची परंपरा याच्या जवळची आहे. तिच्या हाताखालच्या भागावर वार्निश देत नाहीत, लाकूड ओलसर करून उठलेले तंतू पुन्हा घासतात आणि वर केवळ हलकासा तेलाचा किंवा तशाच पातळ लेपाचा हात देतात. जवस किंवा टंग तेलाने माखलेली कापडे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळा स्वतःहून पेट घेऊ शकतो. ती उघड्यावर पसरून पूर्ण कडक वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून मगच टाकावीत.

जोडणी आणि पुढची निगा

मान ओलसर कापडाने, मग कोरड्या कापडाने पुसावी आणि फ्रेटच्या टोकांशी अडकलेली धूळ जुन्या टूथब्रशने काढावी. मेणाचा हात देणे ऐच्छिक आहे. द्यायचा असल्यास कार्नौबा मेणाचा अत्यल्प अंश कापडावर घेऊन लावावा आणि पूर्ण पुसून टाकावा. जाड मेण घामात मिसळून पुन्हा चिकटपणा आणते, म्हणून पावसाळ्यात मी ते वगळतो.

काढलेली मान परत बसवताना प्रत्येक स्क्रू आधी उलट दिशेने फिरवावा. तो जुन्या आट्यात ‘टक’ करून बसल्याचे जाणवले की मगच आवळावा, नाहीतर लाकडात नवे आटे पडून जुने नष्ट होतात. तारा चढवून सूर लावल्यावर मान एक-दोन दिवस ताणाशी जुळवून घेते, तेव्हा ट्रस रॉडला (मानेच्या आतल्या, तिचा बाक जुळवणाऱ्या सळईला) लगेच हात लावू नये.

रोज वाजवणाऱ्याचा अंगठा जिथे जास्त फिरतो, बहुधा पहिल्या पाच फ्रेटच्या मागे, तिथे काही महिन्यांनी पुन्हा चमक येते, कारण हातच त्या बारीक रेषा घासून सपाट करतो. अशा वेळी पुन्हा सगळी प्रक्रिया करण्याची गरज नसते. मान पुसून घ्यावी, फिंगरबोर्डच्या कडांना टेप लावावी आणि झिजलेल्या राखाडी पॅडचे आठ-दहा हलके फटके मारावेत. म्हणूनच पहिल्या वेळी वापरलेला पॅड फेकून न देता धुऊन, वाळवून गिटारच्या पेटीत ठेवावा.